ऑगी गॅरिडो

ऑगस्ट एडमन गॅरिडो, ज्युनियर तथा ऑगी गॅरिडो (६ फेब्रुवारी, १९३९:व्हालेहो, कॅलिफोर्निया, अमेरिका - १५ मार्च, २०१८:न्यूपोर्ट बीच, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचे प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कॅल स्टेट फुलरटनने १९७९, १९८४ आणि १९९५ मध्ये, तर टेक्सास विद्यापीठाने २००२ आणि २००५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. दोन वेगवेगळ्या विद्यापीठांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे ते पहिले प्रशिक्षक होत. चार वेगवेगळ्या दशकांत अशी विजेतेपदे मिळविणारेही ते पहिलेच होत. त्यांच्या संघांनी एकूण १,९७५ सामने जिंकले, ९५१ गमावले आणि ९ सामने बरोबरीत सुटले.

गॅरिडो यांचे नाव मुख्यतः कॅल स्टेट फुलरटनच्या उभारणीशी जोडले जाते. मोठे मैदान, पुरेसा निधी किंवा क्रीडापरंपरा यांपैकी काहीही हाताशी नसलेल्या या सार्वजनिक विद्यापीठाच्या संघाला त्यांनी सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेले. त्यासाठी त्यांनी अंगीकारलेली खेळाची पद्धत पुढे त्यांच्या शिष्यांनी अन्य संघांच्या पुनर्बांधणीतही वापरली.

प्रारंभिक जीवन

गॅरिडो यांचा जन्म सान फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तरेस असलेल्या व्हालेहो शहरात झाला. त्यांचे वडील तेथील मेअर आयलंड नौदल गोदीत कामाला होते. गॅरिडो यांनी फ्रेस्नो स्टेट येथे शिक्षण घेतले. तेथील संघाचे प्रशिक्षक पीट बायडन होते. १९५९ मध्ये या संघाने कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, त्या वेळी गॅरिडो संघात होते. शिक्षणानंतर ते क्लीव्हलंड इंडियन्सच्या दुय्यम संघांतून व्यावसायिक बेसबॉल खेळले, परंतु मेजर लीगपर्यंत पोहोचू शकले नाहीत.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुरुवात माध्यमिक शाळेतून केली. १९६९ चा हंगाम सान फ्रान्सिस्को स्टेट येथे आणि १९७० ते १९७२ हे तीन हंगाम सान लुइस ओबिस्पो येथील कॅल पॉली येथे घालविल्यावर १९७३ च्या हंगामापासून त्यांनी कॅल स्टेट फुलरटनच्या संघाची सूत्रे हाती घेतली.

महाविद्यालयीन बेसबॉलची रचना

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन मुख्यतः एनसीएए ही संस्था करते. १९७३ पासून तिच्या सदस्य संस्था तीन विभागांत विभागलेल्या आहेत. पहिल्या विभागात खेळांवर सर्वाधिक खर्च करणारी विद्यापीठे असतात, तर तिसऱ्या विभागात क्रीडाकौशल्यासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. अनेक लहान महाविद्यालये एनएआयए या स्वतंत्र संघटनेची सदस्य आहेत.

पहिल्या विभागातही बेसबॉल हा कमी निधीचा खेळ मानला जात असे. मोठ्या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांना ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असताना बेसबॉल संघासाठी दीर्घकाळ केवळ ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. ही रक्कम दोन डझनांहून अधिक खेळाडूंत विभागली जात असल्याने बहुतेकांना शिक्षणखर्चाचा काही भागच मिळत असे. उरलेला खर्च कुटुंबाला उचलावा लागत असल्याने घराजवळचे आणि कमी शुल्काचे सार्वजनिक विद्यापीठ निवडणे अनेकांना सोयीचे ठरे.

व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेचाही यावर परिणाम होतो. सर्वांत गुणवान खेळाडूंपैकी अनेक जण माध्यमिक शाळेतूनच व्यावसायिक संघांशी करार करतात. चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेला खेळाडू मात्र सामान्यतः तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत निवडीस पात्र ठरत नाही. त्यामुळे शालेय वयात दुर्लक्षित राहिलेल्या खेळाडूंना तीन वर्षांत घडविण्याची संधी प्रशिक्षकाला मिळते. लहान संघाला मोठ्या संघाशी बरोबरी करण्याची वाट येथेच सापडते, परंतु चांगले खेळाडू दर काही वर्षांनी निघून जात असल्याने संघ सतत नव्याने बांधावा लागतो.

कॅल स्टेट फुलरटन

पार्श्वभूमी

दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीमध्ये असलेल्या या विद्यापीठाची स्थापना १९५७ मध्ये झाली. बहुसंख्य विद्यार्थी आसपासच्या वस्त्यांतून ये-जा करणारे होते. १९६२ मध्ये विद्यार्थ्यांनी येथे आंतरमहाविद्यालयीन हत्तींची शर्यत भरविली होती. विद्यापीठाच्या संघांचे बोधचिन्ह असलेला हत्ती याच प्रसंगातून आला. गॅरिडो आले तेव्हा बेसबॉल संघ पहिल्या विभागात नव्हता आणि प्रेक्षकांसाठी बांधलेले स्वतःचे क्रीडागारही त्याच्याजवळ नव्हते. संघ विद्यापीठाच्या आवारातील साध्या मैदानावर सामने खेळत असे.

तेथून जवळच असलेल्या लॉस एंजेलस शहरातील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने (यूएससी) १९७० ते १९७४ या काळात सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली होती. परिसरातील नामांकित शालेय खेळाडूंची पहिली पसंती स्वाभाविकपणे या विद्यापीठाला असे. गॅरिडो यांनी अशा खेळाडूंसाठी स्पर्धा करण्याऐवजी इतरांनी नाकारलेले खेळाडू आणि दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू यांच्यावर भर दिला.

पहिल्या विभागात प्रवेश

१९७५ मध्ये फुलरटनचा संघ पहिल्या विभागात दाखल झाला. त्याच वर्षी प्रादेशिक स्पर्धेत त्याने गतविजेत्या यूएससीला हरविले आणि नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजसाठी पात्रता मिळविली. आठ संघांच्या या स्पर्धेत दोन पराभव झाल्यावर संघ बाद होतो. फुलरटन पहिले दोन्ही सामने हरून परतला, तरी यूएससीवरील विजयामुळे या संघाची दखल घेतली जाऊ लागली.

१९७९ मध्ये फुलरटनने अंतिम सामन्यात आर्कान्सा विद्यापीठाचा २-१ असा पराभव करून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. या संघातील टिम वॉलाक यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट हौशी बेसबॉल खेळाडूसाठीचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळाला. ते पुढे दीर्घकाळ मॉन्ट्रिऑल एक्सपोजकडून खेळले. १९८४ मध्ये अंतिम सामन्यात टेक्सास विद्यापीठाला ३-१ असे हरवून फुलरटनने दुसरे विजेतेपद मिळविले. दोन्ही अंतिम सामन्यांत फुलरटनने प्रतिस्पर्ध्याला एकच धाव करू दिली.

खेळाची पद्धत

महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या बॅटचा वापर सुरू झाला. लाकडी बॅटपेक्षा या बॅटने चेंडू अधिक वेगाने जात असल्याने अनेक संघांनी ताकदीने फटके मारणाऱ्या खेळाडूंचा शोध सुरू केला. असे खेळाडू दुर्मीळ असत आणि ते बहुधा मोठ्या विद्यापीठांकडेच जात. गॅरिडो यांनी पिचिंग, क्षेत्ररक्षण, बेसमधील धाव आणि बंट या चार गोष्टींवर संघाची उभारणी केली.

बंटमध्ये बॅटर बॅट न फिरवता ती चेंडूसमोर जवळजवळ स्थिर धरतो, जेणेकरून चेंडू थोड्याच अंतरावर घरंगळत राहील. यात बहुधा बॅटर स्वतः बाद होतो, परंतु बेसवरील सहकारी पुढच्या बेसवर पोहोचतो. याचाच अधिक जोखमीचा प्रकार म्हणजे स्क्वीझ. यात पिचरने चेंडू टाकताच तिसऱ्या बेसवरील धावपटू होम प्लेटच्या दिशेने धावू लागतो आणि बॅटरला कोणत्याही परिस्थितीत चेंडूला बॅट लावावीच लागते. तो चुकल्यास धावपटू हमखास बाद होतो, तर साधल्यास क्षेत्ररक्षकांना घाईत निर्णय घ्यावा लागतो आणि त्यांच्याकडून चुका होतात.

बंट करण्यासाठी असामान्य शक्ती लागत नाही. सराव, नेमकेपणा आणि स्वतः बाद होण्याची तयारी मात्र लागते. यांपैकी कोणतीही गोष्ट मिळविण्यासाठी निधीची गरज नव्हती. त्यामुळे फुलरटनच्या प्रत्येक बॅटरला, तो कितीही जोरदार फटके मारणारा असला तरी, बंट करता येणे अपेक्षित असे.

मानसिक तयारी

गॅरिडो यांनी क्रीडामानसशास्त्राचा वापर फार लवकर सुरू केला. फुलरटन विद्यापीठातीलच प्राध्यापक केन रविझा हे दीर्घकाळ त्यांच्या संघाबरोबर काम करीत होते. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा बॅटरही उत्तम गणला जातो, म्हणजेच अपयश हा या खेळाचा नित्याचा भाग आहे. अपयश आल्यावर खेळाडू पुढच्या चेंडूसाठी किती लवकर सावरतो, हे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

रविझा यांनी खेळाडूंना प्रत्येक चेंडूपूर्वी दीर्घ श्वास घेणे, मैदानावरील एखाद्या ठरावीक वस्तूवर दृष्टी स्थिर करणे आणि मागील चेंडूचा विचार जाणीवपूर्वक सोडून देणे अशा सवयी लावल्या. झालेली चूक वाहून गेली असे समजावे, यासाठी संघाच्या डगआउटमध्ये खेळण्यातले छोटे शौचकूप ठेवलेले असे. अशा उपायांची सुरुवातीला थट्टा झाली, परंतु पुढे रविझा यांनी मेजर लीगमधील संघांबरोबरही काम केले.

इलिनॉय आणि पुनरागमन

१९८८ ते १९९० हे तीन हंगाम गॅरिडो इलिनॉय विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. उत्तरेकडील राज्यांत हंगामाच्या सुरुवातीला थंडीमुळे घरच्या मैदानावर खेळणे कठीण असते आणि संघांना पहिले अनेक आठवडे दक्षिणेकडे प्रवास करीत खेळावे लागते. या परिस्थितीतही इलिनॉयने १९८९ आणि १९९० मध्ये बिग टेन परिषदेची स्पर्धा जिंकली.

१९९१ मध्ये ते फुलरटनला परतले. विद्यापीठ त्या काळात आर्थिक अडचणीत होते. १९९२ च्या हंगामानंतर तेथील अमेरिकन फुटबॉलचा संघ कायमचा बंद करण्यात आला. बेसबॉल संघ टिकला आणि १९९२ मध्ये त्याला विद्यापीठाच्या आवारात नवे क्रीडागार मिळाले. त्याच वर्षी हा संघ कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम सामन्यात पोहोचला, परंतु पेपरडाइन विद्यापीठाकडून ३-२ असा पराभूत झाला. या संघातील फिल नेव्हिन यांची त्या वर्षीच्या मेजर लीग निवडप्रक्रियेत सर्वप्रथम निवड झाली.

१९९५ च्या संघाने ५७ सामने जिंकले व केवळ ९ गमावले. अंतिम सामन्यात या संघाने यूएससीला ११-५ असे हरविले. वीस वर्षांपूर्वी ज्या विद्यापीठाला हरवून फुलरटनने पहिल्यांदा ओमाहा गाठले होते, त्यालाच हरवून मिळालेले हे तिसरे विजेतेपद होते. मार्क कॉट्से यांनी या सामन्यात दोन होम रन मारल्या. ते पुढे मेजर लीगमध्ये खेळाडू आणि नंतर व्यवस्थापक झाले.

टेक्सास विद्यापीठ

१९९७ मध्ये गॅरिडो यांनी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या संघाची सूत्रे क्लिफ गुस्टाफसन यांच्याकडून स्वीकारली. येथील परिस्थिती फुलरटनच्या नेमकी उलट होती. निधी, मैदान आणि परंपरा यांची वाण नव्हती, मात्र अपेक्षाही तितक्याच मोठ्या होत्या. १९९८ मध्ये संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक झाले आणि गॅरिडो यांच्या नेमणुकीवर प्रश्न उपस्थित झाले. २००० मध्ये संघ ओमाहाला पोहोचला आणि २००२ मध्ये अंतिम सामन्यात साउथ कॅरोलिनाला १२-६ असे हरवून विजेता ठरला. २००५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाला हरवून टेक्सासने पुन्हा विजेतेपद मिळविले. २००४ आणि २००९ मध्ये हा संघ उपविजेता होता.

३० मे, २००९ रोजी टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज यांच्यात झालेला सामना २५ डाव चालला. सामान्यतः नऊ डावांचा असणारा हा खेळ त्या दिवशी महाविद्यालयीन बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक काळ लांबला. टेक्सासने तो ३-२ असा जिंकला.

गॅरिडो यांच्या संघांनी एकूण पंधरा वेळा कॉलेज वर्ल्ड सिरीज गाठली. त्यांपैकी सात वेळा फुलरटनचा आणि आठ वेळा टेक्सासचा संघ होता. २०१६ मध्ये टेक्सासने २५ सामने जिंकले व ३२ गमावले. या हंगामानंतर ते प्रशिक्षकपदावरून दूर झाले.

शिष्यपरंपरा

गॅरिडो यांच्या हाताखाली खेळलेल्या किंवा साहाय्यक म्हणून काम केलेल्या अनेकांनी पुढे स्वतंत्रपणे संघ उभारले. त्यांच्या पद्धतीचे यश प्रशिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वावर अवलंबून होते की ती इतरांना शिकविता येण्याजोगी होती, या प्रश्नाचे उत्तर या संघांच्या वाटचालीतून मिळते.

फुलरटन येथील साहाय्यक डेव्ह स्नो यांनी १९८६ मध्ये लोयोला मेरीमाउंट या लहान खाजगी विद्यापीठाच्या संघाला कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये नेले. १९८९ च्या हंगामापासून ते लॉंग बीच स्टेटचे प्रशिक्षक झाले. या संघाने आदल्या वर्षी केवळ १४ सामने जिंकले होते आणि ४५ गमावले होते. स्नो यांच्या पहिल्याच हंगामात संघाने ५० विजय मिळवून ओमाहा गाठले. १९९१, १९९३ आणि १९९८ मध्येही लॉंग बीच स्टेट या स्पर्धेसाठी पात्र ठरले.

जॉर्ज हॉर्टन हे १९७५ मध्ये यूएससीला हरविणाऱ्या फुलरटनच्या संघातील खेळाडू होते. पुढे ते गॅरिडो यांचे साहाय्यक आणि १९९७ पासून फुलरटनचे मुख्य प्रशिक्षक झाले. २००४ चा हंगाम फुलरटनसाठी अडखळत सुरू झाला. पहिल्या ३१ सामन्यांपैकी १६ सामने संघाने गमावले होते. तरीही हा संघ ओमाहाच्या अंतिम फेरीत पोहोचला. तेथे प्रतिस्पर्धी होता गॅरिडो यांचाच टेक्सास. फुलरटनने ६-४ आणि ३-२ असे दोन्ही सामने जिंकून चौथे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. या संघाचा यष्टीरक्षकासारखी भूमिका बजावणारा कॅचर कर्ट सुझुकी हा हवाईहून शिष्यवृत्तीविना आलेला खेळाडू होता. गुरूच्या संघाला गुरूने घडविलेल्या संघाने हरविले, त्यामुळे गॅरिडो यांनी फुलरटन सोडल्यानंतरही त्यांनी घालून दिलेली घडी टिकून असल्याचे या सामन्यांतून स्पष्ट झाले.

हॉर्टन पुढे ओरेगन विद्यापीठात गेले. तेथील बेसबॉल संघ १९८१ मध्ये बंद करण्यात आला होता. २००९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा पहिल्या हंगामात त्याला १४ विजय मिळाले आणि ४२ पराभव पत्करावे लागले. दुसऱ्याच हंगामात संघाने ४० सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रादेशिक फेरीत प्रवेश केला. फुलरटनच्या १९८४ च्या विजेत्या संघातील खेळाडू रिक व्हँडरहूक हेही पुढे याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

टीका

बंटच्या अतिवापराबद्दल गॅरिडो यांच्यावर टीका होत असे. सांख्यिकी विश्लेषणाचा प्रसार झाल्यावर ही टीका वाढली. बेसबॉलमध्ये प्रत्येक डावात संघाला तीनच खेळाडू बाद होईपर्यंत संधी मिळते, त्यामुळे एका बेससाठी एक खेळाडू स्वेच्छेने बाद होऊ देणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते, असे विश्लेषकांचे म्हणणे आहे. गॅरिडो यांच्या समर्थकांच्या मते महाविद्यालयीन स्तरावर क्षेत्ररक्षकांच्या चुका अधिक होत असल्याने व्यावसायिक बेसबॉलचे गणित येथे जसेच्या तसे लागू होत नाही.

२५ डावांच्या सामन्यात टेक्सासच्या एका राखीव पिचरने १३ डावांत १६९ चेंडू टाकले होते. तरुण खेळाडूच्या खांद्यावर इतका भार टाकावा काय, याची त्या वेळी चर्चा झाली. पराभवानंतर खेळाडूंशी बोलताना गॅरिडो यांची भाषा अत्यंत कठोर होत असे.

विक्रम आणि वारसा

२००३ मध्ये गॅरिडो यांनी गुस्टाफसन यांचा पहिल्या विभागातील सर्वाधिक विजयांचा विक्रम मागे टाकला. २०१४ मध्ये त्यांनी गॉर्डी गिलेस्पी यांच्या १,८९३ विजयांचाही टप्पा ओलांडला. गिलेस्पी यांनी आपली कारकीर्द इलिनॉयमधील लुइस व सेंट फ्रान्सिस आणि विस्कॉन्सिनमधील रिपन या लहान संस्थांमध्ये व्यतीत केली होती. गॅरिडो यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, फ्लोरिडा स्टेटचे प्रशिक्षक माइक मार्टिन यांनी त्यांचा विक्रम मोडला.

दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर यांनी २००८ मध्ये गॅरिडो यांच्यावर माहितीपट तयार केला. त्यात त्यांच्या शिकविण्याबरोबरच त्यांचा संतापही दाखविला आहे. फुलरटनचे माजी विद्यार्थी असलेले अभिनेते केव्हिन कॉस्टनर हे गॅरिडो यांचे मित्र होते. कॉस्टनर यांच्या १९९९ मधील फॉर लव्ह ऑफ द गेम या चित्रपटात गॅरिडो यांनी न्यू यॉर्क यांकीज संघाच्या व्यवस्थापकाची छोटी भूमिका केली होती.

फुलरटनचा संघ आजही पहिल्या विभागात खेळतो. या संघाची चारही राष्ट्रीय विजेतेपदे गॅरिडो किंवा त्यांच्या शिष्याच्या मार्गदर्शनाखाली मिळालेली आहेत.